सीटी अँजिओग्राफीला येण्यापूर्वी

आमच्या फोंड्यातल्या सेंटरवर चिठ्ठी घेऊन येणारे बरेचजण आधी हेच विचारतात, "मांडीतून नळी घालणार ना?" नाही. आमच्याकडे होते ती सीटी अँजिओग्राफी. कोपराजवळच्या शिरेत सलाइनची सुई लावतो, तिच्यातून आयोडीनयुक्त डाय (धमन्या चित्रात उठून दिसाव्यात म्हणून द्यायचे द्रव्य) सोडतो आणि तो हृदयाच्या धमन्यांत पोहोचला की स्कॅन घेतो. नळीची अँजिओग्राफी वेगळी. तिच्यात मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी थेट हृदयाच्या धमनीच्या तोंडाशी नेतात. ती कॅथलॅबमध्ये, म्हणजे इस्पितळातल्या त्यासाठीच्या खास खोलीत होते, आणि गरज असेल तर त्याच वेळी स्टेंटही (धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवता येतो. आम्ही फक्त चित्र काढतो.

म्हणूनच, छातीत आत्ता दुखत असेल, दरदरून घाम सुटला असेल, हात किंवा जबडा भरून आला असेल तर आमच्याकडे येऊ नका. १०८ ला फोन करा.

नाडी संथ हवी

या धमन्या जेमतेम २ ते ४ मिलिमीटर रुंद, आणि त्याही सतत हलणाऱ्या. नाडी मिनिटाला ६० च्या आसपास असली की दोन ठोक्यांमधल्या उसंतीत चित्र स्वच्छ येते. ९० वर गेली तर तेच चित्र पुसट होते, मग मशीन कितीही महागडे असो. यासाठी आदल्या रात्रीपासून चहा-कॉफी बंद. नाडी जलद असेल तर ती उतरवायची गोळी देऊन बसवून ठेवतो. "नंबर कधी लागणार?" म्हणून कुरकुर होते, पण ही घाई आम्ही करत नाही. दमा असेल तर गोळी घेण्याआधीच सांगा.

धमन्या रुंदावण्यासाठी जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात. मागच्या दोन दिवसांत सिल्डेनाफिल (व्हायग्रा) किंवा तसली लैंगिक ताठरतेची गोळी घेतली असेल तर लाजू नका, सांगा. दोन्ही एकत्र झाल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या खाली येतो. घरच्यांसमोर बोलायचे नसेल तर नर्सला बाजूला बोलवा.

सुंगटे खाऊन पित्त उठते, डाय चालेल का?

गोव्यात हा प्रश्न येणारच. सुंगटे, कुर्ल्या किंवा तिसऱ्या खाल्ल्यावर अंगावर गांधी उठतात त्या बहुधा त्यांतल्या प्रथिनामुळे, आयोडीनमुळे नव्हे. त्यामुळे केवळ मासळीच्या अ‍ॅलर्जीसाठी तपासणी टाळायचे कारण नाही. मात्र पूर्वी डाय दिल्यावर खाज, सूज किंवा धाप लागली असेल तर ते फार महत्त्वाचे. तारीख घेण्यापूर्वीच कळवा. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट आणा, गोळी थांबवायची की नाही ते डॉक्टर ठरवतील.

डाय जाताना अंगभर ऊब पसरते, लघवी झाल्यासारखे वाटते. झालेली नसते. काही सेकंद श्वास रोखायचा, संपले.

चित्र कुठे कमी पडते

धमनीत कॅल्शियम खूप साठले असेल किंवा लहान स्टेंट असेल तर आतली वाट नीट दिसत नाही, अडथळा आहे त्याहून मोठा भासू शकतो. अशा वेळी नळीची अँजिओग्राफी लागू शकते. उलट, सीटीत धमन्या स्वच्छ दिसल्या तर मोठा अडथळा असण्याची शक्यता फारच कमी.

गोळ्यांमुळे घेरी येऊ शकते, तेव्हा परतताना स्कूटर चालवायला सोबत कोणीतरी आणा. स्कॅन झाल्यावर जेवा, आणि डॉक्टरांनी पाणी कमी प्यायला सांगितले नसेल तर भरपूर प्या. टेक्निशियनला "काही दिसले का हो?" विचारू नका; रेडिओलॉजिस्टने रिपोर्ट वाचेपर्यंत तो काही बोलणार नाही, त्याला तशी ताकीद आहे.