ताटातल्या गोगलगाईचं बारसं

जपानमध्ये समुद्रकाठच्या खानावळीत जाळीवर मुठीएवढे काटेरी शंख मांडलेले दिसतात. शंखाच्या तोंडात थोडा सोया सॉस आणि साके (तांदळाची जपानी दारू) ओततात. रस खदखदू लागला की टोकदार काडीने मांस टोचायचं आणि शंख हळूहळू फिरवत अख्खं बाहेर ओढायचं. शेवटी येतं ते पीळदार टोक: मादीचं हिरवं, नराचं पांढरट, चवीला कडवट. काहीजण ते ताटात तसंच ठेवतात. या पदार्थाला म्हणतात त्सुबोयाकी, म्हणजे मडक्यात भाजलेलं. मडकंही त्या गोगलगाईचंच!

या समुद्री गोगलगाईचं नाव साझाए ('झ' आपल्या 'माझा'तला). जपानमध्ये ती घराघरांत ठाऊक. १९६९पासून टीव्हीवर चाललेल्या एका कार्टून मालिकेची नायिकासुद्धा साझाए-सान! आणि एवढ्या प्रसिद्ध प्राण्याला २०१७पर्यंत स्वतःचं शास्त्रीय नावच नव्हतं.

म्हणजे पुस्तकांत नाव होतं, टर्बो कॉर्नुटस. पण ते दुसऱ्याचं. १७८६मध्ये लाइटफुट या इंग्रज अभ्यासकाने हे नाव दिलं ते चीनकडच्या, आखूड काट्यांच्या जातीला. १८४८मध्ये रीव्ह या दुसऱ्या अभ्यासकाने जपानी शंखालाही तीच जात समजून तेच नाव लावलं, आणि पुढे सगळे तेच गिरवत राहिले. १९९५मध्ये या दोन जाती वेगळ्या आहेत हे लक्षात आलं खरं, पण तेव्हा चिनी जातीलाच टर्बो चायनेन्सिस असं नवं नाव दिलं गेलं. म्हणजे जिचं नाव होतं तिलाच दुसरं मिळालं, बिननावाची तशीच राहिली.

माझ्या मते काट्यांनीही फसवलं असणार. लाटांचा मारा असतो तिथल्या साझाएला बहुधा लांब काटे असतात, तर शांत पाण्यात बिनकाट्यांचे शंखही सापडतात. एका शंखावर तर काही वळसे काटेरी आणि काही गुळगुळीत असंही दिसतं. अशा प्राण्यात 'काटे आखूड' म्हणून वेगळी जात ओळखायची कशी?

ओकायामा विद्यापीठातल्या फुकुदा यांनी जुनी वर्णनं आणि चित्रं तपासून हा गुंता सोडवला. जपानी जातीला त्यांनी नाव दिलं टर्बो साझाए, कोळी आणि खाणारे शतकानुशतकं म्हणत आले तेच. कॉर्नुटस चिनी जातीकडे परत गेलं. चायनेन्सिस बाद झालं.