ट्रेलरच्या हवेच्या पाईपांचा आधार

ट्रेलरच्या हवेच्या पाईपांचा आधार म्हणजे पुढचा हॉर्स (इंजिन आणि केबिनवाला भाग) आणि मागचा ट्रेलर यांच्या मधून जे ब्रेकच्या हवेचे पाईप जातात ते कुठे घासू नयेत, लोंबू नयेत, वळताना ताणून तुटू नयेत म्हणून त्यांना वरून टांगून ठेवायची पद्धत. मुंबईच्या आजूबाजूला, म्हणजे न्हावा शेवा, कळंबोली, वडाळा, भिवंडी, जिकडे कंटेनरवाले ट्रेलर रांगा लावून उभे असतात तिकडे केबिनच्या मागे बघितलं की लाल-पिवळे वेटोळे दिसतात, तेच हे पाईप. बघायला फालतू गोष्ट वाटते पण मागच्या सगळ्या चाकांचा ब्रेक त्याच्यावरच चालतो.

दोन लाईन असतात. लाल म्हणजे सप्लाय, तिच्यात हवा कायम भरलेली, साधारण ७ ते ८ बार (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप). पिवळी म्हणजे कंट्रोल किंवा सर्व्हिस लाईन, तिच्यात हवा येते ती फक्त ड्रायव्हरने ब्रेक दाबला की. (अमेरिकेत पिवळ्याच्या जागी निळा रंग असतो.) सोबत लाईट-इंडिकेटरची २४ व्होल्टची वायर पण जाते. लाल पाईप फुटला तर लगेच कळतं, हवा सुसाट सुटते आणि ट्रेलर स्वतःच्या टाकीतल्या हवेवर ब्रेक लावून जागच्या जागी जाम होतो, ही व्यवस्थाच तशी आहे, हवा गेली की ब्रेक लागलाच पाहिजे. हे तत्त्व रेल्वेतून आलंय, जॉर्ज वेस्टिंगहाऊसने १८७२ च्या सुमारास आगगाडीसाठी आणलेलं.

पिवळ्याची गोष्ट वेगळी आणि माझ्या मते जास्त वाईट. तो घासून चिरला असेल तर गाडी उभी असताना काही म्हणजे काहीच कळत नाही, कारण आत हवाच नसते. ब्रेक दाबला की तेवढ्यापुरती हवा निसटते, मागचा ब्रेक उशिरा आणि कमी लागतो, पुढचा हॉर्स थांबायला बघतो आणि मागून भरलेला कंटेनर ढकलत राहतो. खंडाळ्याच्या घाटात उतारावर हे झालं तर गाडी मधेच मुडपायला वेळ लागत नाही. म्हणून तपासताना एकाने केबिनमधे बसून ब्रेक दाबून धरायचा आणि दुसऱ्याने मधे जाऊन कान लावून पाईप ऐकायचा, नुसता हात फिरवून भागत नाही.

पाईप खराब होतो तो मुख्यतः घासून. सैल पडला की चेसिसवर, जाळीच्या पत्र्यावर किंवा फिफ्थ व्हीलच्या (हॉर्सवरची गोल प्लेट, जिच्यावर ट्रेलर टेकतो आणि अडकतो) ग्रीसमधे लोळतो, इंजिनची थरथर आणि रस्त्यावरचे खड्डे दोन्ही मिळून एकाच जागी दिवसभर घासत राहतं, मग बाहेरचं रबर जातं आणि आतला धाग्याचा थर दिसायला लागतो. धागा दिसला म्हणजे पाईप बदलायचा, वरून टेप गुंडाळायची नाही. उलट पाईप आखूड असेल तर यार्डात रिव्हर्स घेताना, हॉर्स आणि ट्रेलर जवळजवळ काटकोनात आले की बाहेरच्या बाजूला ताण बसतो आणि पाम कपलिंगमधून (हाताच्या पंजासारखी जोडणी असते ती) उपसला जातो. म्हणजे लांबी पूर्ण वळणाला पुरेल एवढी हवी आणि उरलेला ढील वर टांगलेला हवा.

त्यासाठी केबिनच्या मागे एक उभा दांडा किंवा ब्रॅकेट असतो, त्याला स्प्रिंग आणि स्प्रिंगला क्लॅम्प, ज्यात पाईप बसतात. वळताना स्प्रिंग ताणली जाते, सरळ झालं की पाईप परत वर उचलते. क्लॅम्पने पाईप धरायचा, आवळायचा नाही. आपल्याकडे बरेच जण तारेने किंवा दोरीने बांधतात, त्यात तार सगळ्यात वाईट, ती स्वतःच पाईप कापते. काहीच नसेल तर जुन्या ट्यूबची रुंद पट्टी त्यामानाने बरी, ती ताणते पण आणि चावत नाही. वेटोळ्याचे नायलॉनचे पाईप काही काळ स्वतःला सावरतात, पण उन्हात कडक होऊन वेटोळं सैल पडतं, मग त्यांनाही आधार लागतोच. मुंबईत त्यात खारी हवा, स्प्रिंग आणि क्लॅम्प गंजतात आणि गंजलेल्या क्लॅम्पची धार पाईपात घुसते, पावसाळा संपला की ते बदलून टाकलेलं बरं.

अमेरिकेच्या फेडरल नियमांत, ३९३.४५ या कलमात, ब्रेकचे पाईप घासणं, मुडपणं आणि इतर मार यांपासून सुरक्षित बांधलेले असावेत असं स्पष्ट लिहिलंय.

ट्रेलर सोडताना कपलिंग खाली टाकून द्यायची सवय पण याच्यातच मोडते. केबिनच्या मागे रिकाम्या कपलिंगसाठी जागा असते, तिथे अडकवायचं, नाहीतर तोंडातून माती आणि पावसाचं पाणी थेट व्हॉल्वपर्यंत जातं आणि पुढच्या वेळी जोडताना रबर सील दाबून बसत नाही.