इन्क्रिमेंटल रिफ्रेश लावल्यावर रिपोर्ट आणखी मंद का होतो?

पॉवर बीआयला (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट बनवायचं साधन) एपीआय, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरकडून डेटा मागायची सोय, जोडलं, इन्क्रिमेंटल रिफ्रेश (सगळा नव्हे, फक्त अलीकडचा डेटा नव्याने आणणं) लावला, आणि पूर्वी निवांत पूर्ण होणारा रिफ्रेश आता प्रो लायसन्सच्या दोन तासांच्या मर्यादेला धडकतोय. आमच्याकडे सर्वांत जास्त फोन याच तक्रारीचे येतात.

बहुतेक वेळा गडबड एकच असते. रेंजस्टार्ट आणि रेंजएन्ड हे ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ सांगणारे पॅरामीटर बनवले, तारखेच्या कॉलमला फिल्टर लावला की काम झालं, असं वाटतं. एसक्यूएल सर्व्हरसारखा डेटाबेस असता तर तो फिल्टर आपोआप डेटाबेसपर्यंत गेला असता. साध्या वेब एपीआयला तो जात नाही. आधी सगळा डेटा खाली येतो, मग तो चाळला जातो. त्यात पॉलिसीत, म्हणजे किती दिवसांचा डेटा नव्याने आणायचा या सेटिंगमध्ये, ‘शेवटचे 10 दिवस’ असेल तर प्रत्येक दिवसाचं पार्टिशन (डेटाचा कप्पा) वेगळं आणि मागणीही वेगळी. म्हणजे डेटा पाच वर्षांचा असेल तर तो सगळा एका रात्रीत दहादा ओढला जातो! मग एपीआय 429 एरर (‘फार मागण्या झाल्या’) देऊन हात वर करतं.

तपासणी सोपी आहे. पॉवर बीआय डेस्कटॉपमध्ये पॅरामीटरला आधी एका दिवसाची मुदत द्या, मग एका वर्षाची. दोन्ही रिफ्रेशला सारखाच वेळ लागला तर तारीख एपीआयपर्यंत पोचत नाहीये. क्वेरी फोल्ड होते का (फिल्टर मूळ स्रोताकडेच लागतो का) याची खात्री करता आली नाही, अशी सूचना मात्र सगळं बरोबर असतानाही दिसते. तिच्यामागे लागू नका.

उपाय असा: तारखा टेक्स्ट करून वेब.कन्टेन्ट्स या (एपीआयकडून डेटा मागवणाऱ्या) फंक्शनच्या ‘क्वेरी’ भागात द्या. मुख्य पत्ता कायम ठेवा, पुढचा भाग ‘रिलेटिव्हपाथ’मध्ये. पूर्ण पत्ता तुकडे जोडून बनवला तर डेस्कटॉपवर चालतो, पण सर्व्हिसमध्ये (पॉवर बीआयच्या ऑनलाइन भागात) ‘डायनॅमिक डेटा सोर्स’ म्हणून अडतो. डेटा पानापानांनी येत असेल तर दुसऱ्या पानापासूनही तारखा जाताहेत ना, बघा. तारखेच्या कॉलमवरचा आधीचा फिल्टर काढू नका, फक्त त्यातलं बरोबरचं (=) चिन्ह ‘पासून’च्या, म्हणजे रेंजस्टार्टच्या, बाजूलाच ठेवा. दोन्हीकडे ठेवलंत तर ठीक मध्यरात्रीच्या नोंदी दोनदा येतात.

एपीआय यूटीसी (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ) मानत असेल आणि तुमचा कॉलम भारतीय वेळेत असेल, तर पहाटे साडेपाचपर्यंतच्या ऑर्डरी गायब होतात. दोन्ही एकाच वेळेत आणा. आणि तारीख ऑर्डर तयार झाल्याची घ्या, बदलल्याची नको. नाहीतर जुनी ऑर्डर आज रद्द झाली की ती दोन पार्टिशनमध्ये दिसते.

नुसता रंग बदलायला मूळ फाइल पुन्हा पब्लिश करू नका. जुनी पार्टिशन्स पुसली जातात आणि सगळा इतिहास नव्याने ओढावा लागतो. म्हणूनच आम्ही मॉडेल (डेटाचा भाग) आणि रिपोर्ट वेगळ्या फाइलींत देतो.

कामाचा दर सांगण्याआधी आम्ही एपीआयचं डॉक्युमेंटेशन मागतो, ते टाळाटाळ म्हणून नव्हे. त्यात तयार झाल्याच्या तारखेचा फिल्टरच नसेल तर पॉवर बीआयमध्ये कितीही खटपट करून उपयोग नाही. तेव्हा डेटा आधी पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये साठवून तिथून देतो. त्याचा मासिक खर्च वेगळा. एकूण डेटाच काही हजार ओळींचा असेल तर यातलं काहीच नको, साधा पूर्ण रिफ्रेश पुरतो.

तपासणीसाठी वरच्या चाचणीतल्या दोन वेळा, पॉलिसीचा स्क्रीनशॉट आणि एपीआयच्या उत्तराचा नमुना पाठवा. एपीआय की (एपीआयचा पासवर्डच समजा) मात्र मेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका.