जामीनदाराच्या नावे सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाला तर: मुदत, कागदपत्रे आणि निम्म्या रकमेची अट

पतसंस्थेच्या किंवा नागरी सहकारी बँकेच्या कर्जाला जामीन राहिलेल्या माणसाचे पहिले वाक्य बहुतेक वेळा एकच असते, ते म्हणजे ‘मी फक्त सही केली होती’. कायद्यात त्या ‘फक्त’ला जागा नाही. भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि आधी कर्जदाराची मालमत्ता विकून मगच जामीनदाराकडे यावे असे बंधन धनकोवर, म्हणजे कर्ज देणाऱ्यावर, नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्येच स्पष्ट केले आहे. त्यामुळे कर्जदाराचा बंगला उभा असताना जामीनदाराच्या पगारावर जप्ती आली, तर ते कितीही अन्यायकारक वाटले तरी बेकायदेशीर ठरत नाही.

सांगली आणि साताऱ्याच्या तालुक्यांत अशी बरीचशी वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली होते. संस्था सहायक किंवा उपनिबंधकांकडे अर्ज करते, कर्जदार व जामीनदारांना नोटीस निघते, सुनावणी होते आणि थकबाकी वसूल करण्याचा आदेश, म्हणजे वसुली दाखला मिळतो. त्यानंतर याच अधिनियमाचे कलम १५६ व त्याखालील नियमावलीतील नियम १०७ प्रमाणे वसुली अधिकारी मागणी नोटीस, जप्ती आणि लिलाव या क्रमाने पुढे जातो.

या साखळीत जामीनदाराला एकही रुपया न भरता बोलता येण्याची जागा एकच आहे, आणि ती म्हणजे दाखला निघण्यापूर्वीची सुनावणी. नेमकी तीच बहुतेकांच्या हातून निसटते. तासगाव भागातील एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत निबंधक कार्यालयाचा लखोटा न फोडलेल्या अवस्थेतच होता. कर्जदाराने ‘गुरुजी, बेदाणा विकला की भरतो, तुम्ही त्यात पडू नका’ असे सांगितल्यामुळे तो चार महिने भिंतीवरच्या घड्याळामागे खोचून ठेवलेला होता. तोपर्यंत दाखला निघून गेला होता. लखोटा न फोडल्याने किंवा पोस्टमनला ‘घेत नाही’ म्हणून परत पाठवल्याने काहीही थांबत नाही, कारण योग्य पत्त्यावर पाठवलेली आणि नाकारलेली नोटीस साधारणपणे बजावली गेली असेच धरले जाते. लखोटा आला की त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्यासह तो जपून ठेवावा आणि दिलेल्या तारखेला लेखी म्हणणे दाखल करून त्याची पोच घ्यावी.

म्हणणे देण्यासाठी लागणारा, पण जवळजवळ कोणाकडेच नसणारा कागद म्हणजे जामीनपत्राची प्रत. सही करताना ती कोणी मागत नाही आणि संस्था आपणहून देत नाही. कित्येकदा तर व्याजदराचा रकाना कोरा असतानाच सही झालेली असते. जामीनदार सहसा संस्थेचा सभासद असतो, म्हणून सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३२ खाली स्वतःच्या व्यवहारापुरत्या नोंदींची प्रत तो लेखी अर्ज करून आणि शुल्क भरून मागू शकतो. शुल्क भरल्यापासून एक महिन्याच्या आत ती देणे संस्थेवर बंधनकारक आहे. प्रत्यक्षात ‘मॅनेजर साहेब रजेवर आहेत’ हे उत्तर तयार असते. अशा वेळी संस्थेच्या दारात हेलपाटे घालण्यापेक्षा निबंधक कार्यालयात संस्थेने दाखल केलेल्या अर्जाच्या व सोबतच्या कागदांच्या नकला मागाव्यात, कारण जामीनपत्र आणि कर्जखात्याचा उतारा तिथे जोडलेला असावा लागतो.

खातेउतारा हाती आला की एक गोष्ट बारकाईने पाहावी, ती म्हणजे मधल्या काळात कर्जाचे नवे-जुने झाले आहे का. जुने खाते बंद दाखवून त्याच दिवशी नवे कर्ज उघडले असेल आणि नव्या कागदांवर तुमची सही नसेल, किंवा तुमच्या संमतीविना करारातील अटी बदलल्या असतील, तर करार कायद्याच्या कलम १३३ च्या आधारे जबाबदारीतून सुटका मागता येते. मात्र छापील जामीनपत्रात अशा बदलांना आगाऊ संमती दिल्याचे कलम असू शकते, म्हणून ते आधी वाचावे. संस्थेने कर्जदाराला नुसती सवलत दिली किंवा वसुलीत दिरंगाई केली, तर तेवढ्याने जामीनदार सुटत नाही. करार कायद्याचे कलम १३७ तसेच सांगते.

दाखला निघाल्यानंतरचा मार्ग सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ खालील पुनरीक्षण अर्जाचा, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याकडून आदेश तपासून घेण्याचा आहे. सांगली जिल्ह्यातील सहायक किंवा उपनिबंधकांच्या दाखल्याविरुद्ध तो कोल्हापूरच्या विभागीय सहनिबंधकांकडे जातो. दाखल्याची प्रमाणित प्रत, मूळ अर्ज व म्हणण्याच्या नकला, वकीलपत्र आणि मुद्रांक हे नेहमीचे कागद लागतात. अर्ज अडतो तो दोन ठिकाणी. पहिले म्हणजे मुदत, जी आदेश कळवला गेल्यापासून दोन महिन्यांची असते. जप्तीची नोटीस आली त्या दिवसापासून ती मोजणारे बरेच जण उशीर करून बसतात, आणि मग सबळ कारणासह विलंबमाफीचा वेगळा अर्ज जोडावा लागतो. दुसरे म्हणजे येणे रकमेच्या पन्नास टक्के रक्कम संबंधित संस्थेकडे भरल्याशिवाय हा अर्ज विचारातच घेतला जात नाही. वेळकाढूपणा करणाऱ्या कर्जदारांना रोखण्यासाठी ही अट असेल, पण ज्या जामीनदाराला खरोखरच नोटीस मिळाली नाही त्यालाही ‘मला ऐकले नाही’ एवढे सांगण्यासाठी आधी निम्मे पैसे मोजावे लागतात, हे मला तरी कधी पटलेले नाही. रक्कम संस्थेत भरायची असते, सहनिबंधकांच्या कार्यालयात नव्हे, आणि पावतीवर ती पुनरीक्षणासाठी जामीनदाराने भरल्याचे लिहून घ्यावे. पुनरीक्षणातही अपयश आले तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाल्याने सांगली-साताऱ्याच्या लोकांची मुंबईची खेप वाचली आहे.

शेतजमिनीबाबतचा एक गैरसमज महागात पडतो. बँका तारण मालमत्ता ताब्यात घेऊन वसुली करण्यासाठी ज्या २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस देतात, त्यातून शेतजमिनीवरील तारण वगळलेले आहे, हे खरे. पण तीच सूट १०१ च्या दाखल्याला लागू आहे असे समजून निर्धास्त राहू नये, कारण नियम १०७ खाली द्राक्षबागेचीही जप्ती होऊ शकते. लिलाव झालाच, तर विक्रीच्या तारखेपासून तीस दिवसांत थकबाकी, खर्च आणि खरेदीदारासाठी विक्री रकमेच्या पाच टक्के भरून तो रद्द करण्याचा अर्ज करता येतो.

जामीनदाराने कर्ज फेडले, तर करार कायद्याच्या कलम १४० व १४५ प्रमाणे ती रक्कम आणि संस्थेकडील तारणाचे हक्क मिळवण्याचा अधिकार त्याला असतो. सहजामीनदारांकडून त्यांचा हिस्साही मागता येतो. त्यासाठी प्रत्येक पावती स्वतःच्या नावे हवी. कर्जदाराच्या खात्यात रोखीने भरून त्याच्याच नावाची पावती आणणारे नंतर काही सिद्ध करू शकत नाहीत. कर्जदाराविरुद्धच्या दाव्याची मुदत रक्कम भरल्यापासून तीन वर्षे आहे. आपल्या सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा चढला असेल, तर संस्थेचा बेबाकी (येणे बाकी नसल्याचा) दाखला घेऊन तो कमी करण्याचा अर्ज तलाठ्याकडे त्याच आठवड्यात द्यावा.