सोलापूरहून व्हॅली ऑफ फ्लॉवर्स : परवाना, यात्रा नोंदणी, कागदपत्रं आणि तारखा

उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्स राष्ट्रीय उद्यानात जायचं म्हटलं की सोलापुरात पहिला प्रश्न येतो तो परवान्याचा. कुठे अर्ज करायचा, किती दिवस आधी करायचा, एजंट लागतो का? एजंट लागत नाही. सोलापुरातल्या एकाही कार्यालयात खेटे घालावे लागत नाहीत. उद्यानाचं प्रवेशद्वार घांघरिया या शेवटच्या वस्तीच्या पुढे थोड्याच अंतरावर आहे. तिथे वनखात्याच्या चौकीवर ओळखपत्र दाखवायचं, शुल्क भरायचं आणि पावती घ्यायची. हाच परवाना. त्यामुळे कुणी इथे बसून ‘परमिट काढून देतो, माणशी एवढे’ असं सांगत असेल तर ते पैसे वाचवा. खरी तयारी परवान्याच्या आधीची आहे, आणि ती मात्र सगळी घरूनच करून निघावी लागते.

दोन वेगळ्या गोष्टी

सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. चारधाम यात्रेची नोंदणी वेगळी आणि उद्यानाचा प्रवेश परवाना वेगळा. एक केलं म्हणून दुसरं होत नाही.

यात्रा नोंदणी उत्तराखंड पर्यटन विभागाची असते. बद्रीनाथ, केदारनाथ, गंगोत्री, यमुनोत्री आणि हेमकुंड साहिब हा गुरुद्वारा या ठिकाणी जाणाऱ्या प्रत्येकाला ती करावी लागते. व्हॅलीला गेलेला सोलापूरकर बद्रीनाथाचं दर्शन न घेता परत येईल, असं सहसा होत नाही. घांघरियाचा रस्ता जिथून सुटतो त्या गोविंदघाटापासून बद्रीनाथ जेमतेम पंचवीस किलोमीटर आहे. हेमकुंड साहिबचा रस्ताही घांघरियातूनच फुटतो. त्यामुळे बहुतेकांना ही नोंदणी लागतेच. ती पर्यटन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा ॲपवर करायची. मोबाइलवर ओटीपी येतो. मग प्रत्येक प्रवाशाचं नाव, वय, आधार किंवा दुसऱ्या ओळखपत्राचा क्रमांक, अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं त्याचा नंबर आणि कोणत्या दिवशी कोणत्या धामी जाणार त्या तारखा भरायच्या. शेवटी क्यूआर कोड असलेलं पत्र मिळतं. वाटेत ते तपासलं जातं. हरिद्वार-ऋषिकेशला नोंदणीच्या खिडक्या असतात, पण गर्दीच्या दिवसांत तिथे ताटकळण्यापेक्षा घरी चहा पिता पिता हे काम उरकणं केव्हाही चांगलं.

नाव भरताना आधारवर जसं आहे तसंच भरा. आपल्याकडे नाव-वडिलांचं नाव-आडनाव असा क्रम, कधी आडनाव आधी, कधी लग्नाआधीचं नाव. रेल्वेच्या तिकिटावर एक आणि नोंदणीवर दुसरं असं झालं की तपासणीच्या ठिकाणी उगाच खुलासे देत बसावं लागतं. घरातल्या ज्येष्ठांचा आधारशी जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, हेही निघण्याच्या बरंच आधी पाहून घ्या.

उद्यानाचा परवाना वनखात्याचा. तो तीन दिवस चालतो. अलीकडच्या हंगामांत भारतीय नागरिकांना सुमारे २०० रुपये शुल्क आहे, परदेशी नागरिकांना त्याच्या कितीतरी पट जास्त. अमेरिकेतला भाचा सोबत येणार असेल आणि तो तिथला नागरिक असेल, तर त्याचा मूळ पासपोर्ट सोबत हवा. सकाळी साधारण सातला प्रवेश सुरू होतो. दुपारी ठरावीक वेळेनंतर आत सोडत नाहीत आणि संध्याकाळी पाचच्या आत सगळ्यांनी बाहेर यावं लागतं. आत मुक्काम नाही, तंबू नाही, चूल नाही. जाताना नाव नोंदवतात आणि परतताना ते पुन्हा पाहतात, कारण आत कुणी मागे राहिलं का हे त्यांना कळायला हवं. चौकीवरची ही नोंद गंभीरपणे घ्या.

परवानगी का लागते

उद्यान सुमारे ८७ चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे राष्ट्रीय उद्यानांच्या मानाने लहानच. १९३१ साली कामेट शिखर सर करून परतणाऱ्या फ्रँक स्माइथ आणि त्यांच्या सोबत्यांना ही दरी दिसली आणि जगाला तिची ओळख झाली. स्थानिक भोटिया मेंढपाळांना ती अर्थातच पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. १९३९ मध्ये जोन मार्गारेट लेग या वनस्पतींच्या अभ्यासक इथे फुलं गोळा करताना कड्यावरून घसरून मरण पावल्या. त्यांची समाधी दरीतच आहे. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं आणि २००५ मध्ये नंदादेवीच्या जोडीने युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत ते आलं.

राष्ट्रीय उद्यानात कुणालाही सरसकट पाऊल टाकता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार पर्यटन, छायाचित्रण, अभ्यास किंवा संशोधन या कारणांसाठी परवाना दिला जातो. चौकीवर मिळणारी पावती फक्त पर्यटनाची. सोलापुरातल्या महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांनी हे नीट लक्षात घ्यावं, कारण अभ्याससहल आणि नमुने गोळा करणं यांत मोठा फरक आहे. मुलांना घेऊन फुलं दाखवायची असतील तर पर्यटनाची पावती पुरते. पानं-फुलं दाबून वनस्पतिसंग्रहासाठी आणायची असतील, तर आधी उत्तराखंडच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी घ्यावी लागते. तिला वेळ लागतो. विभागप्रमुखांचं पत्र, संशोधनाचा विषय, कोणत्या जातीचे किती नमुने, हे सगळं अर्जात लिहावं लागतं. ड्रोन किंवा व्यावसायिक चित्रीकरणासाठीही वेगळा अर्ज आहे. उद्यानाचं प्रशासन जोशीमठच्या नंदादेवी वन विभागाकडे आहे. पत्रव्यवहार तिथूनच सुरू करावा.

ब्रह्मकमळाबद्दल एक विनंती. आपल्या गॅलरीत रात्री उमलणारं ते निवडुंगाच्या कुळातलं, मूळचं अमेरिका खंडातलं झाड. हेमकुंडच्या चढावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दिसणारं ब्रह्मकमळ ही पूर्ण वेगळी वनस्पती आहे आणि ती उत्तराखंडचं राज्यपुष्प आहे. देवाला वाहायला म्हणूनही ते तोडू नका.

कुणाला जाता येतं

पात्रतेची कागदी अट फारशी नाही. ओळखपत्र असलेल्या कुणालाही परवाना मिळतो. पण शरीराची पात्रता प्रत्येकाने स्वतः तपासायची आहे, आणि मी तिला कागदांपेक्षा जास्त वजन देईन.

आपलं सोलापूर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्याही खाली आहे. जोशीमठ सुमारे १,९०० मीटरवर, घांघरिया ३,०००च्या थोडं वर, दरी साडेतीन हजारांच्या आसपास, हेमकुंड चार हजारांच्या पुढे. गोविंदघाटापासून पुलनापर्यंत चार किलोमीटर जीप जाते. तिथून घांघरियापर्यंत साधारण दहा किलोमीटर चढ चालायचा. ज्यांना चालवत नाही त्यांना इथवर घोडा मिळतो, आणि हंगामात हवामान चांगलं असेल तर गोविंदघाट ते घांघरिया हेलिकॉप्टरही असतं. पण उद्यानाच्या फाटकाच्या आत घोडे-खेचरं नेता येत नाहीत. आत पायी, किंवा कंडीत, म्हणजे माणसाच्या पाठीवरच्या टोपलीत बसून. गुडघ्याचं दुखणं असलेल्या आईला ‘घोड्यावरून नेऊ’ असं सांगून घराबाहेर काढू नका. फाटकाशी पोचल्यावर तिची निराशा होईल.

दमा, हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह असलेल्यांनी आणि पन्नाशी ओलांडलेल्या सगळ्यांनीच निघण्याआधी तपासणी करून घ्यावी. अहवाल आणि औषधांची चिठ्ठी सोबत ठेवावी. रोजची औषधं हिशेबापेक्षा चार-पाच दिवस जास्त घ्यावीत, कारण पावसात रस्ता अडला तर घांघरियात ती मिळतीलच असं नाही. जोशीमठला एक रात्र काढूनच पुढे चढा. डोकं दुखणं, मळमळ, चालताना तोल जाणं ही उंची बाधल्याची लक्षणं आहेत. अशा वेळी वर जाण्याचा हट्ट सोडून खाली उतरायचं.

कधी निघायचं

उद्यान दरवर्षी १ जूनला उघडतं आणि ३१ ऑक्टोबरला बंद होतं. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जायचा बेत म्हणूनच बसत नाही. जूनमध्ये गेलात तर हिमनाले दिसतील, फुलं थोडी. खरा बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. आषाढीची गर्दी ओसरली की निघू, असं आपण म्हणतो. पण आषाढीच्या आधी अधिक महिना आला तर त्या वर्षी आषाढी बरीच पुढे सरकते. या सहलीची आखणी तिथीवर करू नका, तारखेवर करा. कास पठार पाहून आलेल्यांना बहर दर आठवड्याला बदलतो हे माहीत आहे. इथेही तसंच, फक्त कासचा हंगाम रंगात येतो तेव्हा इथला उतरणीला लागलेला असतो.

बहराचे दिवस म्हणजेच भर पावसाचे दिवस. हरिद्वार ते गोविंदघाट जवळपास तीनशे किलोमीटरचा घाटरस्ता, त्यात दरडी कोसळतात. रात्री डोंगरातली वाहतूक बंद ठेवतात. म्हणून येण्याजाण्यात किमान दोन दिवस मोकळे ठेवाच. बारा दिवसांची रजा मिळाली तर व्हॅली, हेमकुंड आणि बद्रीनाथ निवांत होतं. आठ दिवसांत कोंबायचा प्रयत्न केलात तर पहिल्याच दरडीला व्हॅली हातची जाते.

सोलापूरहून बंगळुरू-नवी दिल्ली कर्नाटक एक्स्प्रेस थेट दिल्लीला नेते. तिथून हरिद्वार. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. तत्काळच्या भरवशावर राहायचं असेल तर रेल्वेचं खातं आधारशी पडताळलेलं असावं लागतं. परतीचं तिकीट मोकळे दिवस धरूनच काढा. सोलापूरहून ट्रॅव्हलर करून जाणाऱ्या गटांनी आणखी एक पाहावं : चारधाम मार्गावर व्यावसायिक वाहनाला उत्तराखंड परिवहन विभागाचं ग्रीन कार्ड, म्हणजे वाहन ठीक असल्याचं प्रमाणपत्र, आणि त्या फेरीचं ट्रिप कार्ड लागतं. ड्रायव्हर ‘बघू तिथे गेल्यावर’ म्हणत असेल तर हे आधी विचारून घ्या.

पिशवीत काय

मूळ आधार, त्याच्या दोन छायाप्रती, यात्रा नोंदणीच्या पत्राची छापील प्रत, औषधांची चिठ्ठी, आणि हे सगळं जाड प्लास्टिकच्या पाकिटात. मोबाइलवरच्या प्रतीवर विसंबू नका. घांघरियात रेंज बेभरवशाची असते आणि वीजही जाते. रोख रक्कम जोशीमठलाच काढून घ्या, तीही सुट्ट्या नोटांत, कारण घोडेवाला, कंडीवाला, चहावाला सगळा व्यवहार रोखीचा. मुक्कामासाठी गढवाल मंडळ विकास निगमचं विश्रामगृह आगाऊ आरक्षित करता येतं. खाजगी लॉजही आहेत आणि गुरुद्वारात सोय होते.

फाटकाच्या आत खायला काही मिळत नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी इथे फार कामाला येते. आठवडाभर टिकते आणि फडक्यात बांधली की वेष्टनाचा कचराही होत नाही. बिस्किटांचे पुडे नेलेच तर रिकामी वेष्टनं मोजून परत आणा.

परवाना तीन दिवसांचा असल्याने दरीत दोनदा जाता येतं. पहिल्या दिवशी ढग उतरून काहीच दिसलं नाही तर हेमकुंड दुसऱ्या दिवशी करा आणि तिसऱ्या सकाळी त्याच पावतीवर पुन्हा आत जा. पावती तोवर ओली होऊ देऊ नका.