डबक्यांची निवळी: एका नावाची अडीचशे वर्षं

भाद्रपदात सोलापूरच्या कंबर तलावाच्या काठाला, जिथे पाणी संथ असतं तिथे, निवळ्या हमखास दिसतात. बारीक अंग, लांब पाय, आणि पाणी जणू फरशी आहे अशी सरसर चाल. कुणी नुसतं निवळी म्हणतं, कुणी पाणनिवळी. शाळेत पृष्ठताण शिकवताना हिचंच उदाहरण देतात आणि बहुतेकांची तिच्याशी ओळख तिथेच थांबते. मला लहानपणापासून पडलेला प्रश्न वेगळा होता: ही निवळी नेमकी कोणती?

प्रश्न साधा वाटतो, पण गेरिडी या तिच्या कुळात जगभर सातशेहून अधिक जाती आहेत, आणि काठावरून पाहिलं तर त्यातल्या कितीतरी एकसारख्याच दिसतात. हिची ओळख कशी पटवायची हे समजायला तिच्या नावाचा इतिहास पाहावा लागतो.

सुरुवात १७५८ची. सजीवांना दोन शब्दी शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने युरोपातल्या एका निवळीला ‘सायमेक्स लॅकस्ट्रिस’ म्हटलं. सायमेक्स म्हणजे ढेकूण. ऐकायला विचित्र वाटतं, पण नजर पक्की होती. निवळी ढेकणाच्याच गणातली आहे. तिला चावायचे जबडे नाहीत, सोंड आहे. पाण्यावर पडलेली माशी पुढच्या आखूड पायांनी धरायची, सोंड खुपसायची आणि आतला रस शोषायचा, हा तिचा आहार. मधले पाय वल्ह्यांसारखे, मागचे सुकाणूसारखे.

लिनियसचा शिष्य फॅब्रिशियस याने १७७५ साली आणखी एका निवळीला नाव दिलं, ‘सायमेक्स फॉसारम’. लॅटिनमध्ये फॉसारम म्हणजे ‘चरांची, खंदकांची’. आज ही जात भारतभर पसरलेली आहे आणि साचलेल्या पाण्यावर सहज आढळते. मला हे नाव फार आवडतं. एका शब्दात तिचा पत्ता सांगितलाय.

पुढे ढेकणांच्या या मोठ्या वाड्याच्या वाटण्या होत गेल्या. १७९४ साली फॅब्रिशियसनेच ‘गेरिस’ ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, वेगळी केली. १८६८ साली स्वीडनच्या स्टोल यांनी ‘लिम्नोगोनस’ ही आणखी एक प्रजाती काढली, आणि फॉसारम त्यात गेली. म्हणून आज तिचं नाव ‘लिम्नोगोनस फॉसारम (फॅब्रिशियस, १७७५)’ असं लिहितात. या कंसाला अर्थ आहे. ज्याने पहिल्यांदा वर्णन केलं त्याने तिला वेगळ्या प्रजातीत ठेवलं होतं, असं तो सांगतो. पाळण्यातलं नाव तेच, आडनाव बदललं. कंस गाळला तर इतिहासच गाळला जातो, आणि आपल्याकडच्या याद्यांमध्ये तो सर्रास गाळलेला दिसतो.

दुसरं उदाहरण जास्त गुंतागुंतीचं आहे. १८६० साली अँटन डोर्न या जर्मन तरुणाने श्रीलंकेतल्या कीटकांवर लिहिताना एका मोठ्या निवळीला ‘अ‍ॅडेलायडिस’ नाव दिलं. तेव्हा तो विशीतही नव्हता. (नेपल्सचं प्रसिद्ध प्राणिशास्त्र केंद्र पुढे १८७२ साली त्यानेच उभं केलं.) भारतातल्या जुन्या नोंदींमध्ये मात्र हीच निवळी ‘गेरिस स्पायनोली’ या नावाने भेटते. डिस्टंट या इंग्रज कीटकतज्ज्ञांनी लंडनमध्ये भारतातले नमुने तपासून ब्रिटिश इंडियाच्या प्राणिसृष्टीवरील मालिकेत ढेकूणवर्गीय कीटकांचे खंड लिहिले, आणि निवळ्यांचा भाग १९०३च्या सुमारास आला. आपल्याकडच्या अभ्यासकांनी पुढची कित्येक दशकं तीच वर्णनं हाताशी धरून काम केलं. मग डेन्मार्कच्या निल्स मोलर अँडरसन यांनी १९९० साली ‘अ‍ॅक्वेरियस’ प्रजातीची फेरतपासणी केली, आणि आज ही निवळी ‘अ‍ॅक्वेरियस अ‍ॅडेलायडिस’ म्हणून ओळखली जाते. याचा परिणाम रोजच्या कामावर होतो. जुन्या यादीत स्पायनोली आणि नव्या यादीत अ‍ॅडेलायडिस दिसली, तर त्या दोन जाती धरायच्या नाहीत.

नावांच्या या घोळाला कीटकाचं अंगही थोडं कारणीभूत आहे. एकाच जातीत काही निवळ्यांना पूर्ण पंख असतात, तर काहींना मुळीच नसतात. बिनपंखी निवळीच्या छातीची पाठही वेगळी, आखूड दिसते, आणि नवखा माणूस तिला पिल्लू समजतो. म्हणून वर्णन करताना नुसत्या रंगरूपावर भिस्त ठेवून चालत नाही. लिम्नोगोनसचं काळं तुकतुकीत अंग आणि त्यावरच्या पिवळसर खुणा पाहून प्रजातीचा अंदाज येतो, पण फॉसारम की तिची जवळची ‘निटिडस’ (मायर, १८६५) हे ठरवायला नमुना सूक्ष्मदर्शकाखालीच घ्यावा लागतो. शृंगिकेच्या (डोक्यावरच्या मिशीच्या) चार खंडांची लांबी, मांड्यांची लांबी, पोटाच्या टोकाचे काटे, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे नराच्या शेवटच्या खंडांचा आकार. हा आकार वरून काढलेल्या फोटोत दिसत नाही. निवळीच्या कुळाची एक खूणही अशीच डोळ्यांना चकवते: पायाची नखं टोकावर नसतात, थोडी मागे असतात. ती टोकावर असती तर पाण्याचा पापुद्रा फाटला असता.

पंखांचा मुद्दा सोलापुरात विशेष जिव्हाळ्याचा आहे. इथे वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही लहरी. ओढे, चर, शेततळी चार महिने भरतात आणि कोरडी पडतात. अशा पाण्यावर ज्या निवळ्यांना पंख आहेत त्या उडून दुसरीकडे जातात, बिनपंखी अडकतात. वर्षभर टिकणाऱ्या पाण्यावर मात्र पंखांची गरज कमी. म्हणजे एकाच जिल्ह्यात सिद्धेश्वर तलावावरची आणि बार्शीकडच्या एखाद्या आटत्या ओढ्यातली, एकाच जातीची निवळी दोन वेगवेगळ्या रूपांत भेटू शकते. नमुना घेताना पाणी कसलं होतं, किती दिवस टिकतं, पंख होते की नव्हते, हे ठिकाणाबरोबर आणि तारखेबरोबर लिहिलं नाही तर वर्णन अर्धंच राहतं. धुण्याचा साबण पाण्यात येतो का, हेही लिहावं. साबणाने पृष्ठताण कमी होतो आणि निवळी अक्षरशः बुडते.

शहराजवळचा एकरुख तलाव, आपला हिप्परग्याचा, १८७१ साली आदिला नदीवर पुरा झाला. फॅब्रिशियसने फॉसारमला नाव दिलं तेव्हा तिथे नदीचे डोह होते, तलाव नव्हता. आज त्याच्या काठावर ज्या निवळ्या सरकतात त्या त्यानंतरच्या कुठल्या तरी पावसाळ्यात तिथे पोचल्या: काही डोहांतून वर आलेल्या, काही उडत आलेल्या.