वैनगंगा खोऱ्याचा परिसंस्थीय व जलगुणवत्ता अभ्यास

परिसंस्थीय व जलगुणवत्ता अभ्यास म्हणजे नदीचे पाणी, त्यात आणि काठावर जगणारे जीव आणि ज्या जमिनीवरून ते पाणी वाहत येते ती जमीन, या तिन्हींचा एकत्र अभ्यास. पूर्व विदर्भात अशा अभ्यासाचे सर्वांत मोठे क्षेत्र वैनगंगेचे खोरे आहे. ही नदी मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि बालाघाटमार्गे महाराष्ट्रात येते. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली असा प्रवास करून ती वर्धा नदीला मिळते. पुढचा संयुक्त प्रवाह प्राणहिता या नावाने सिरोंचाजवळ गोदावरीत जातो. बाघ, बावनथडी, सूर, कन्हान, चुलबंद, गाढवी, कठाणी या वैनगंगेच्या प्रमुख उपनद्या. यांपैकी प्रत्येकीचे पाणी वेगळ्या जमिनीतून आणि वेगळ्या उद्योगातून येते. बावनथडीच्या परिसरात तुमसर तालुक्यातील मँगनीजच्या खाणी आहेत, चुलबंदच्या काठी धानशेती, तर कठाणीच्या वरच्या अंगाला जंगल. त्यामुळे मुख्य नदीतून एक बाटली भरून तपासल्याने खोऱ्याबद्दल फारसे काही कळत नाही.

नागपूरचे सांडपाणी आणि गोसीखुर्द

खोऱ्यातील सर्वांत गंभीर प्रश्न कन्हानच्या वाटेने येतो. नागपूर शहराचे सांडपाणी घेऊन नाग नदी पूर्वेकडे वाहते आणि कन्हानला मिळते. कोराडी व खापरखेडा येथील औष्णिक वीजकेंद्रांचा परिसरही कोलार-कन्हानच्याच पाणलोटात येतो. पुढे आंभोऱ्याजवळ कन्हान वैनगंगेला मिळते. हे संगमस्थान तीर्थक्षेत्र असून तेथे चैतन्येश्वराचे देऊळ आहे. पूर्वी हे पाणी वाहते होते, त्यामुळे वाटेत काही अंशी निवळत असे. पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरण झाले आणि संगमाचा सारा भाग जलाशयाच्या फुगवट्यात आला. २२ एप्रिल १९८८ रोजी पायाभरणी झालेल्या या प्रकल्पाला २००९ मध्ये राष्ट्रीय दर्जा मिळाला. वाहत्या नदीची घाण पुढे सरकते. साठलेल्या पाण्यात मात्र ती तळाशी बसते, कुजते आणि त्यातले नत्र व स्फुरद जलपर्णीचे खत होते. भंडारा शहर पिण्याचे पाणी वैनगंगेतूनच उचलते, म्हणून हा प्रश्न मासेमाऱ्यांपुरता राहत नाही. धरण आणि शहराचे सांडपाणी या दोन गोष्टी वेगवेगळ्या खात्यांच्या कागदांवर असल्या, तरी नदीच्या दृष्टीने त्या एकच आहेत, आणि या खोऱ्याच्या कोणत्याही अभ्यासाने त्या एकत्रच पाहायला हव्यात.

नमुने आणि वेळ

नमुन्याची ठिकाणे संगमाच्या हिशेबाने ठरवतात. उपनदी मिळण्याआधी मुख्य नदीवर एक, उपनदीवर एक आणि संगमानंतर दोन्ही पाणी पुरते मिसळते तिथे एक. दोन प्रवाह बऱ्याच अंतरापर्यंत शेजारी शेजारी न मिसळता वाहतात, म्हणून संगमाला लागून घेतलेला नमुना फसवा ठरतो. प्रवाह मोजल्याशिवाय गुणवत्तेच्या आकड्याला अर्थ येत नाही. केंद्रीय जल आयोग वैनगंगेवर पवनी व आष्टी, कन्हानवर सातरापूर आणि बाघ नदीवर राजेगाव येथे प्रवाह मोजतो. त्या नोंदींशी आपले नमुने जोडून पाहावे लागतात.

ऋतूंचा फरक मोठा आहे. या भागातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. पहिल्या सरी रस्त्यावरची, शेतातली, उकिरड्यावरची सगळी घाण एकदम नदीत आणतात. ऑगस्टच्या पुरात तीच सौम्य होते. एप्रिल-मेमध्ये धार आटून नदीचे डोह उरतात आणि प्रदूषक तिथे एकवटतात. हिवाळ्यात एकदाच पाणी तपासून ‘नदी बरी आहे’ असा अहवाल देणे म्हणजे या तिन्ही अवस्था न पाहता मत देणे.

दिवसाची वेळही पाहावी लागते. शेवाळ दुपारी ऑक्सिजन सोडते, रात्री वापरते. त्यामुळे विरघळलेला ऑक्सिजन पहाटे सर्वांत कमी असतो आणि मासे मरतात तेही बहुधा पहाटेच. सकाळी अकरा वाजता गाडीतून उतरून भरलेल्या बाटलीत ते दिसत नाही.

ऑक्सिजन मोजण्याची विंकलर पद्धत साधी असून ती नदीकाठीच सुरू करता येते. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली पाण्याखाली धरून हवेचा एकही बुडबुडा आत न राहील अशी भरतात. तिच्यात मँगेनस सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड-अझाइड सोडले की साका, म्हणजे तळाशी बसणारा घट्ट पदार्थ, तयार होतो. पाण्यात ऑक्सिजन असेल तर हा साका तपकिरी होतो, नसेल तर पांढराच राहतो. नेमका आकडा पुढे आम्ल घालून, थायोसल्फेटच्या अनुमापनाने, म्हणजे रंग जाईपर्यंत ते मोजून थेंबाथेंबाने घालून, निघतो. परंतु काठावर उभ्या असलेल्या गावकऱ्याला नदीची अवस्था त्या रंगातच कळते. जैविक ऑक्सिजन मागणी (बीओडी), म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू वापरतात तो ऑक्सिजन, भारतात उष्ण हवामानामुळे २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवून मोजतात.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीनुसार आंघोळीच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम, बीओडी जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम आणि १०० मिलिलिटरमध्ये कोलिफॉर्म (सांडपाण्याची खूण ठरणारे जिवाणू) ५०० पर्यंत असावेत. मत्स्यजीवनासाठी ऑक्सिजन किमान ४ आणि मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमच्या आत लागतो. जिवाणूंचा नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. गडचिरोलीच्या आतल्या गावांच्या बाबतीत हीच सर्वांत मोठी अडचण ठरते.

जीवांवरून पाण्याची परीक्षा

रासायनिक चाचणी त्या क्षणाचे पाणी सांगते. तळाचे जीव मात्र मागच्या कित्येक आठवड्यांचे पाणी सांगतात. दगड उलटून पाहिल्यावर मेफ्लाय, कॅडिसफ्लाय यांच्या अळ्या सापडल्या तर प्रवाह स्वच्छ आणि ऑक्सिजनयुक्त असतो. चिखलात फक्त लाल अळ्या व ट्युबिफेक्स कृमी उरले असतील तर तिथे सेंद्रिय घाण मुरली आहे. चतुर आणि टाचणी या कीटकांच्या जातीही याच कामी नोंदवल्या जातात.

माशांबद्दल सर्वांत जास्त माहिती मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाकडे आहे. कोणत्या डोहात मरळ राहतो, वाम कुठे मिळते, कोणता मासा पुराच्या पाण्यावर चढून अंडी घालतो, हे ते पिढ्यान् पिढ्या पाहत आले आहेत. नोंदवही नसली तरी हे निरीक्षणच आहे. धरणाने चढणाऱ्या माशांची वाट अडवली, रेतीघाटांवरच्या उपशाने अंडी घालण्याच्या जागा गेल्या आणि उन्हाळ्यात कोरड्या पात्रात होणारी डांगरवाडी, म्हणजे वेलफळांची शेती, तीही फुगवट्याखाली बुडाली. यातला एकही बदल पीएच किंवा क्षारतेच्या तक्त्यात दिसत नाही. ढिवरांना विचारल्याशिवाय केलेला मत्स्यअभ्यास अपुरा राहतो.

याचा पुरावा खोऱ्यातल्या तलावांत मिळतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत कोहळी समाजाने बांधलेले जुने तलाव व बोड्या (लहान तळी) आहेत. त्यांना मालगुजारी तलाव किंवा ‘मामा तलाव’ म्हणतात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, संपली, तलाव सरकारजमा झाले आणि देखभाल सुटली. गाळ साचला, काठाला बेशरम ही उपद्रवी झुडपी वनस्पती माजली. उत्पन्नासाठी रोहू, कतला, मृगळ यांचे बीज सोडले गेले, स्थानिक जाती मागे पडल्या. अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या सहकारी संस्थांबरोबर काम केले. आधी वनस्पती आणि मासे यांची यादी केली, मग बेशरम उपटली आणि देवधान, गाद यांसारख्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या. माशांना चारा व आसरा मिळाल्यावर स्थानिक जाती परतल्या आणि पक्षीही आले. महाराष्ट्रातल्या सारसांचा मुख्य आसरा याच धान आणि तलावांच्या पट्ट्यात आहे.

भूजल

नदीचा उन्हाळी प्रवाह भूजलावर टिकतो, म्हणून विहिरी अभ्यासाबाहेर ठेवता येत नाहीत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा नोंदवते. चंद्रपूर व यवतमाळच्या काही भागांत फ्लोराइड ही मुख्य अडचण आहे. पिण्याच्या पाण्यात त्याची कमाल मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेल्यास दात आणि हाडे बिघडतात. पश्चिम विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यात प्रश्न अगदी वेगळा आहे. अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात गाळाच्या थरांतले भूजलच खारट आहे, त्यामुळे तिथे अभ्यासाची सुरुवात नदीऐवजी विहिरीपासून करावी लागते.

गावपातळीवरील तपासणी

ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्याचे नमुने गोळा करतो आणि विहिरीत टीसीएल (जंतुनाशक ब्लीचिंग) पावडर टाकतो. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, स्रोतांची पाहणी होते. जोखमीप्रमाणे गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. २०१९ च्या जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. मात्र ही तपासणी नळ, हातपंप आणि विहिरीवर थांबते. ज्या नदीतून किंवा तलावातून ढिवर मासे काढतात आणि गुरे पाणी पितात, त्या पाण्याचे कार्ड कोणी काढत नाही. याच महिलांनी तोच संच घेऊन महिन्यातून एकदा घाटावरचे पाणी तपासले आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावले, तर खोऱ्याच्या अभ्यासाला आज नसलेली गावोगावची मासिक नोंद मिळेल.